केसरबाईचं मशीन ऐकू येतंय

महागाई किती वाढली हे टीव्हीवर कोणी टाय लावून सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. अरे बाबांनो, दादरा-नगर हवेलीत सेलवासला या. आमलीत आमच्या चाळीसमोर केसरबाईचं मसाला कांडायचं मशीन आहे, तिथे तासभर उभे राहा. बायका पिशवीतून काय काढतात आणि काय काढत नाहीत, तेवढं बघा. मग मला शिकवा.

पूर्वी चैत्र लागला की तिथे रांग लागायची. वर्षाचा मसाला म्हणजे पाच किलो मिरची, धणे, खोबरं, दगडफूल, नागकेशर, सगळं भाजून डबेच्या डबे यायचे. मग आधी खोबरं गेलं. त्याच्या जागी शेंगदाणे आले. मग दगडफूल गेलं, ‘वासालाच तर असतं’ म्हणून. गेल्या वर्षी एक बाई मिरच्या देठासकट घेऊन आली, म्हणे देठंही कांडा, तेवढंच वजन भरतं. यंदा तर नुसत्या अर्धा अर्धा किलोच्या पिशव्या, आणि बाकीच्या दहा रुपयांची पुडी घेऊन मोकळ्या. मी अलका, दादऱ्याच्या प्लास्टिक कंपनीत पॅकिंगला आहे. माझ्या लाइनवरच्या पोरी शाम्पूची एक पुडी दोनदा पुरवतात, तोंड दुमडून रबर लावून ठेवतात. रविवारी मटणाच्या दुकानाची गर्दी आता अंड्याच्या गाडीवर असते. मी काय वेगळी नाही. मीही शेंगदाणेवालीच.

केसरबाई खानदेशातली, शिंदखेड्याकडची. नवरा चिंधाभाऊ इथे धाग्याच्या कंपनीत लागला तेव्हा आली, त्याला बावीस वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी चिंधाभाऊंच्या हातात चांगला बोनस आला आणि त्यांनी मोटारसायकल बघून ठेवली. हिने त्याच पैशांत वापीहून जुनं मशीन आणलं. म्हणाली, “गाडीवर तुम्ही एकटे बसाल. याच्यावर घर बसेल.” बसलंही. दोन पोरी शिकल्या, लग्नं झाली, सगळं त्या मशीनवर. बाईच्या भुवया कायम लाल, हात कोपरापर्यंत लाल, आणि जीभ तर विचारूच नका.

मशीन म्हणजे लोखंडी उखळ आणि त्यात वर-खाली आपटणारी दोन मुसळं. दोन किलोच्या खाली माल टाकला तर लोखंडावर लोखंड आपटतं, मसाला करपतो, मुसळ तुटतं. म्हणून अर्धा किलोवाल्या बायकांना ती हात जोडून परत पाठवायची. दुसरा नियम बायकांचा होता. एकीचा घाणा निघाला की उखळात मूठभर मीठ फिरवायचं, पुसून काढायचं, मगच दुसरीचा माल. एका घरचा मसाला दुसऱ्या घरच्यात जाता कामा नये. यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. एक-दोन मीच केलीत.

तर यंदा होळी झाल्यावर गाळ्याचा मालक कल्पेश खाली आला. गाळा त्याच्या वडिलांचा, आणि त्यांचं घर वरच्याच मजल्यावर. पोरगा वाईट नाही, पण हिशोबी.

“मासी,” तो म्हणाला, “पुडीवाल्या मसाल्याची एजन्सी घेतोय. अक्षय्यतृतीयेनंतर, तुमच्या आखाजीनंतर, गाळा लागेल मला.”

“आणि मशीन कुठे नेऊ, डोक्यावर?”

“मशीन चालतं कुठे, मासी? आधी सकाळी चहाचा कप थरथरायचा आमचा. आता हप्त्यातून दोनदा ऐकू येतं. लोकांना परवडत नाय, तेमां हूं शुं करूं?”

“रोज ऐकू आलं तर?”

तो हसला. “रोज ऐकू आलं तर आखाजी झाल्यावर पण बसा. पण येणार नाय, मासी.”

दुसऱ्या दिवशी एजन्सीचा पत्र्याचा मोठा बोर्डही येऊन पडला, गाळ्याच्या भिंतीला टेकवून. त्यावर एक गोरी बाई कढईत बघून हसत होती. केसरबाईने तिच्याकडे असं पाहिलं की मला त्या चित्राचीच दया आली.

दोन दिवसांनी तिने चाळीतल्या आम्हां बारा-पंधरा जणींना आपापल्या पिशव्या घेऊन बोलावलं. म्हणाली, सगळ्यांनी पिशव्या एकत्र ओता, सामाईक घाणा करू. किलोभर दिलं तिला किलोभर, पाव दिलं तिला पाव. खोबरंही मिळून आणू, म्हणजे चव राहील. संपलं की पुढच्या आठवड्यात परत.

यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोणी म्हणे आमच्यात लवंग जास्त, कोणी म्हणे आमच्या ह्यांना तिखट चालत नाही. सगळी सोंगं. खरी गोष्ट कोणाच्या तोंडातून बाहेर येत नव्हती, ती माझ्या तोंडातून आली. कोपऱ्यात बायडाबाई बसली होती, खडोलीच्या कंपनीत झाडू मारते ती, मांडीवर पाव किलो लवंगी मिरची. तिच्याकडे न बघता मी म्हणाले, “कोणाच्या घरातलं काय, कोणाच्या हातचं काय, आपल्याला काय माहीत? माझ्या आईचा मसाला आहे. मी नाही कोणाच्यात मिसळणार.”

बायडाबाईने पिशवीची गाठ मारली.

केसरबाई ताडकन उठली. मग ओरडली, “अहो, पाना घेऊन या!”

चिंधाभाऊ आले. तिने त्यांना उखळाच्या तळाची कडी खोलायला लावली. ते म्हणाले, “अगं, नको. कशाला?” ती म्हणाली, “खोला म्हणते ना.” चार बोल्ट निघाले, कडी सरकली, आणि आत अंगठ्याएवढा जाड काळाकुट्ट थर. तिने चमच्याने त्याचा एक पापुद्रा उचकटला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“वास घे.”

घेतला. माझ्या आईच्या नागकेशराचा वास होता त्यात. आणि लवंगीचा होता, आणि कसकसले होते.

“वीस वर्षांचा आहे,” केसरबाई म्हणाली. “मिठाने वरचं निघतं, हे नाही निघत. दर घाण्याला थोडा सुटतो, थोडा बसतो. मला पहिल्याच वर्षी कळलं. सांगितलं असतं तर एक बाई माझ्या दारात उभी राहिली नसती, म्हणून गप्प बसले. आता तसंही मशीन जातंय, तर ऐका. वीस वर्षं तुम्ही सगळ्या एकमेकींचा मसाला खाताय. कोणाचं घर बुडालं? कोणाचा देव कोपला? अलका, तुझ्या आईचा मसाला म्हणतेस ना? त्यात बायडाबाई आहे, तू इथे पहिला घाणा घातलास त्या दिवसापासून आहे.”

बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मला वाटलं, झालं, आता एकेक उठून जाणार आणि ही बाई आपल्याच हाताने आपलं दुकान बुडवणार. तिलाही तेच वाटत असणार. पण मान ताठ.

तेवढ्यात बायडाबाई हसायला लागली. आधी बारीक, मग पोट धरून. “अगं माय! म्हणजे माझी लवंगी तुम्ही सगळ्यांनी खाल्ली! आणि फुकट!”

मग कोणाला हसू आवरेना. मला मात्र लाज वाटली. खरं सांगते, इतकी लाज मला लग्नात मी उखाणा विसरले म्हणून सासूने हिणवलं तेव्हाही वाटली नव्हती. चिंधाभाऊंनी कडी परत बसवली तशी मी उठले, माझी अर्धा किलोची पिशवी उखळात ओतली. मग बायडाबाईच्या पिशवीसाठी तिच्यासमोर हात पुढे केला. तिने जरा वेळ लावला. लावणारच. वरून म्हणाली, “हात धुतलेत का, अलकाबाई?”

“धुऊन येऊ?”

“राहू द्या. मशीन चालवून घेईल,” म्हणाली आणि गाठ सोडली.

दोघी उठून गेल्या, त्या आजतागायत पुडीच वापरतात, वापरोत. बाकीच्या थांबल्या. त्या दिवशी तीन घाणे निघाले. दुसऱ्या दिवशी मागच्या चाळीतल्या आल्या, मग खानवेलच्या बसने येणाऱ्या भाजीवाल्या, मग नवीन सोसायटीतल्या इंजिनीयरीणबाई अरुणाताई, स्कूटीवर. त्यांच्याही पिशवीत अर्धाच किलो होतं, आणि त्या ते ओढणीखाली लपवत होत्या. केसरबाई म्हणाली, “लपवता कशाला, ताई? इथे सगळ्याच अर्ध्या आहेत. ओता.”

त्या पहिल्या दिवशी रात्री मी आमटी केली. नवरा पहिला घास घेऊन म्हणाला, “वा, तुझ्या आईची चव.” मी म्हटलं, “आईची आहे, बायडाबाईची आहे, अजून दहा जणींची आहे. खायचं तर खा, नाहीतर भात कोरडा आहे.” त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी कल्पेश खाली आला. मशीन धडधडत होतं, दारात नऊ बायका होत्या, आणि तो बिचारा शिंकून शिंकून लाल झाला होता. “मासी, जरा बंद करा ने! मम्मी पण शिंकतेय. कप फुटला आमचा.”

केसरबाईने मशीन बंद केलं नाही. मोठ्याने विचारलं, “ऐकू येतंय ना रे?”

“येतंय, येतंय!” त्याने हात जोडले. “बसा तुम्ही. पण माझा बोर्ड तरी द्या. एजन्सीवाला परत मागतोय.”

बोर्ड अंगणात उन्हात आडवा टाकला होता. त्या हसऱ्या बाईच्या तोंडावर बायडाबाईने लवंगी पसरली होती, तिच्या कढईत माझी बेडगी.

“परवा ने,” केसरबाई म्हणाली. “मिरच्या अजून ओल्या आहेत.”