दोन्ही बाजूंनी पुढे

अंधेरीच्या ऑफिसात मी मोबाइलसाठी मराठी अक्षरं काढते. त्यातही जाड, तिरपी अक्षरं म्हणजे माझा जीव की प्राण! बोरूचा जाड-बारीक नखरा नाही, सगळीकडे एकच दणदणीत जाडी, आणि वर पुढे झुकलेली. कबड्डीची जर्सी, सेलची पाटी, रिक्षाची पाठ, जिथे घाई तिथे ती हजर. पण उभी अक्षरं कॉम्प्युटरवर नुसती ढकलून तिरपी केली की वाट लागते, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन आदळते. म्हणून मी एकेक अक्षर हाताने नव्याने काढते आणि ऑफिसभर चेष्टेचा विषय होते.

गेल्या श्रावणात मनोरी गावातल्या माझ्या शाळेच्या मैत्रिणीने होडीवर नाव घालायला बोलावलं, तेव्हा मी खुर्चीतून उडालेच. होडी तिच्या वडिलांची, नाव तिच्या आईचं. आई जाऊन वर्ष झालं होतं.

"तिरपंच हवं गं," ती म्हणाली. "बाजाराला निघाली की आई कशी पुढे झुकून सुटायची, आठवतं ना?"

आठवत होतं. शाळेत असताना काकूंच्या मागे धावून माझा दम निघायचा.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळीच मार्व्याहून फेरीबोटीने गेले. नाव मोठ्या कागदावर काढून नेलं होतं. ते निळ्या फळ्यांवर उतरवलं, आधी उजव्या बाजूला, मग डाव्या, आणि वर पिवळाधमक रंग भरला. झकास! मी स्वतःवरच खूश होते.

काकांनी, म्हणजे मैत्रिणीच्या वडिलांनी, होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"बाय, त्या बाजूला ती पुढं चाललीय. हिकडं मागं रेललीय," ते म्हणाले. "ती कधी मागं रेलली नाय. उद्या होडी पाण्यात जायची. पुसून टाक, साधं उभं लिव."

मी डाव्या बाजूला जाऊन पाहिलं. होडीचं तोंड डावीकडे, अक्षरं उजवीकडे कललेली. इतकी वर्षं अक्षरं झुकवतेय आणि हे डोक्यात आलं नाही! मोबाइलला कुठे तोंड असतं?

"काका, दुपारपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं. उभं नाव लिहिणं मला सहनच होणार नव्हतं.

डाव्या बाजूचा ओला रंग टर्पेंटाइनने पुसला आणि तीच अक्षरं डावीकडे झुकवून काढायला घेतली. हात ऐकेचना. दोनदा पुसली, तिसऱ्यांदा प्रत्येक काना होडीच्या तोंडाकडे कलला आणि मी तिथे वाळूतच उडी मारली. काकांनी पुसायचं फडकं माझ्या हातातून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नारळ वाहिला, होडी पाण्यात ढकलली. ती वळताना आधी एक बाजू दिसली, मग दुसरी, आणि दोन्हीकडून नाव पुढेच निघालेलं. मी टाळ्या पिटत होते. शेजारी उभ्या मैत्रिणीने अचानक तोंडाशी हात धरले आणि मोठ्याने ओरडली,

"आई, सावकाश गं!"