झाकलेली वांगी

आज बाजारात सखूमावशींनी वांगी मेथीच्या जुड्यांखाली झाकून ठेवली होती. त्यांच्याच नदीकाठच्या मळ्यातली, काटेरी देठांची, आमच्या गावाच्या नावानं विकली जाणारी वांगी. “का हो मावशी?” म्हटलं, तर त्या हळूच म्हणाल्या, “पेटंट झालंय ना यांचं. पेपरात आलंय. आता दुसऱ्या कुणी विकली तर पकडतात म्हणे.”

पेपर मीही वाचला होता. मथळ्यात पेटंट, खाली मजकुरात कॉपीराइट, आणि टीव्हीवरची बाई ट्रेडमार्क म्हणून ओरडत होती. मिळालं होतं भौगोलिक मानांकन, म्हणजे इथल्या मातीत ही वांगी पिकवणाऱ्या सगळ्यांचा या नावावर हक्क. पेटंट नव्या शोधाला मिळतं. वांगं काय कुणी परवा शोधून काढलं? शिसारी येते नुसती. आमदाराच्या नावात चूक झाली तर हेच लोक दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापतात. मी पेपरच्या कचेरीत फोन केला होता तेव्हा उपसंपादक जांभई देत म्हणाले, “अहो, लोकांना पेटंटच कळतं.”

कळलं होतं खरं! मी मावशींना समजावलं, हक्क तुमचाच आहे. त्यांनी मान डोलावली, माझ्या पिशवीत वांगी घातली आणि वर मेथीची जुडी ठेवली, कुणाला दिसू नयेत म्हणून.