खोडलेलं म्हणजे खोडलेलं

बाइंडरकाकूंच्या कारखान्यात दोन वस्तूंना हात लावायची बंदी होती. एक कागद कापायचं यंत्र, कारण त्याला बोट आणि कागद यांतला फरक कळत नसे. दुसरी वस्तू म्हणजे सर्व्हर. महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र दुसरी बंदी उठायची. कुणीही यावं, झाकण काढावं, आत डोकवावं. आत एक पंखा, दोन हिरवे दिवे आणि पुठ्ठ्याची धूळ एवढाच ऐवज होता. काकूंचे दीर त्याला खुराडं म्हणत. चारशे लोक त्यात कलकलाट करतात आणि अंडं कुणी देत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं.

काकू चौतीस वर्षं पुस्तकबांधणीत होत्या. कारखाना सासऱ्यांचा. थोरल्या मुलाला कागदाच्या धुळीने शिंका यायच्या, धाकट्याने टपाल खात्यात नोकरी धरलेली, तेव्हा सुई सुनेच्या हाती आली आणि मग कुणी परत मागितली नाही. शिंकणारा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. काकूंनी बांधलेली रजिस्टरं कचेऱ्यांच्या कपाटांत पडून होती, आणि पन्नास वर्षांनी कुणी उघडली तरी त्यांचं एक पान सुटणार नाही याची त्यांना खात्री होती. कुणी उघडणार नाही याचीही होती.

अशा बाईच्या वस्तीचं पान एका बड्या समाजमाध्यमावर होतं. हरवलेली मांजरं, रक्ताची गरज, पाणी किती वाजता येणार, असला मजकूर. एका सकाळी ते पान नाहीसं झालं. नियमभंग, एवढंच कारण. कोणत्या नियमाचा, ते विचारायला काकूंनी सात पत्रं पाठवली आणि सातही वेळा एकच उत्तर आलं, की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. सात पत्रांना एकच उत्तर लिहिणाऱ्या कारकुनाला काकूंनी घरी बसवलं असतं. इथे कारकूनच नव्हता.

परगावच्या भाचीने तेव्हा फोनवरून सांगितलं, की एक सॉफ्टवेअर आहे, कुणालाही आतून बाहेरून वाचता येतं, बदलता येतं, फुकट मिळतं. आपापल्या घरी आपापला सर्व्हर ठेवायचा, आणि असे हजारो सर्व्हर एकमेकांशी बोलतात. मालक कुणीच नाही. दिरांना ते लगेच कळलं. "म्हणजे गावोगावची टपाल कार्यालयं," ते म्हणाले. "यात नवीन काय आहे?" काकूंना नवीन हे दिसलं, की हे पान बंद करायला कुणाला त्यांच्या कारखान्याचं दार वाजवावं लागेल.

नियम काकूंचे. खातं उघडायला कारखान्यात समक्ष यायचं. पुढे हवं ते टोपणनाव घ्या, पण तोंड एकदा दाखवा. कोण कोण आहे ते फक्त काकूंना ठाऊक, आणि त्यांनी ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं. उलट सर्व्हर कसा चालवायचा हे एकट्या काकूंना ठाऊक असणं त्यांना धोक्याचं वाटे. त्यावर तोडगा म्हणजे बंद तास.

बंद तास महिन्याच्या त्या रविवारच्या बैठकीत व्हायचा. हजर लोकांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव निघेल त्याने सर्व्हरचा चालू डबा बंद करायचा आणि शेजारच्या रिकाम्या डब्यावर, काकूंच्या वहीत लिहिलंय तसं, ताज्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करायचं. पुढचा महिना तो डबा चालणार. तोवर काकूंनी दोन्ही तळहात मांड्यांखाली घेऊन बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. चिठ्ठीवाला अडला तर दोष वहीचा. मग वही दुरुस्त करायची, माणूस नाही.

त्या रविवारी चिठ्ठी शाळेतल्या बाईंची निघाली. बाई प्राथमिक शाळेत शिकवत, त्यामुळे सूचना मोठ्याने वाचायची सवय. "ड्रॉवरमधली सर्वांत वरची डिस्क घ्यावी," त्यांनी वाचलं, सर्वांत वरची घेतली, आणि पाऊण तासात डबा उभा केला. पंचवीसेक लोकांनी टाळ्या वाजवल्या. कागदाच्या गठ्ठ्यावर बसलेल्या बेकरीवाल्याने मोबाइल उघडला आणि टाळी अर्ध्यावर थांबवली.

"माझा कालचा पावांचा फोटो कुठाय? परवाचा पण नाही. काकू, माझे दहा दिवस गेले!"

काकूंनी मांडीखालचे हात काढले आणि ड्रॉवर पाहिला. आठवड्यातून दोनदा प्रत काढून त्या डिस्क सर्वांत वर ठेवत, तसं वहीत होतं. आता चारही डिस्क तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या, काठाला काठ जुळवून, आणि सर्वांत वर सर्वांत जुनी होती.

"भाऊजी, ड्रॉवर आवरलात?"

"आवरला," दीर अभिमानाने म्हणाले. "नुसता गोंधळ होता. नीट लावून ठेवला."

"जुनं वर?"

"मग? जुनं टपाल आधी निघतं, वहिनी. अडतीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

हसू फुटलं. दहा दिवस तसे गेले नव्हते, आजची प्रत ड्रॉवरच्या तळाशी सुखरूप होती. पुन्हा पाऊण तास, एवढंच. पण हसता हसता बाईंचं लक्ष पडद्यावर गेलं आणि त्या थांबल्या. जुनी प्रत नुसते नवे दिवस घेऊन जात नाही. मधल्या काळात लोकांनी जे खोडलं असतं, तेही ती परत आणते.

पडद्यावर पोस्ट होती. खात्याचं नाव पाना. मजकूर असा: शाळेच्या चार बसचे ब्रेक लायनर संपलेत. दोनदा लेखी दिलं. गाड्या रोज सुटतात.

दहा दिवसांपूर्वी, गुरुवारी संध्याकाळी लिहिलेली ही पोस्ट शुक्रवारी सकाळी नाहीशी झाली होती; जुनी प्रत मधल्या रात्रीची होती. तेव्हा काकूंनी ती पाहिली होती, आणि गेलेलीही पाहिली होती. आपल्याकडे लिहिणारा माणूस आपलं लिहिणं खोडू शकतो, ही त्यांच्या सर्व्हरची बढाई होती, म्हणून त्यांनी काही विचारलं नव्हतं. न विचारणं दहा दिवस त्यांना सलत होतं. पाना म्हणजे शाळेच्या बस चालवणाऱ्या कंपनीच्या डेपोचा हेडमेस्त्री, हे एकट्या काकूंना ठाऊक. तो आता खिडकीपाशी चहाचा कप धरून उभा होता, आणि चहा पीत नव्हता.

"ही पोस्ट मी पाहिलीच नव्हती!" बाई म्हणाल्या. "अहो, माझी पोरं येतात त्या गाड्यांनी!"

"पुढे पाठवा," बेकरीवाला म्हणाला. दोघातिघांनी पाठवलीसुद्धा. पाच मिनिटांत ती इतर सर्व्हरांवर पोहोचायला लागली. खोलीत लढाईचं वातावरण आलं. पंचवीस माणसं एकाएकी शूर झाली.

काकू उठल्या, तळातली डिस्क घेतली आणि डब्याकडे गेल्या.

"हे काय करताय?"

"आजची प्रत लावतेय. त्यात ती पोस्ट नाही. पुढे पाठवलीत त्यांनी मागे घ्या, आत्ता."

"काकू!" बाईंचा आवाज वर्गातला झाला. "घाबरलात? कंपनीची रजिस्टरं तुमच्याकडे बांधायला येतात म्हणून?"

हे खरं होतं, रजिस्टरं येत होती. काकूंनी डिस्क जोडली. "त्याने लिहिलं, त्याने खोडलं. खोडलेलं म्हणजे खोडलेलं. भाऊजींनी ड्रॉवर आवरला म्हणून ते आपलं होत नाही."

"पण खरं आहे ना ते?"

"असेल. मग तुम्ही लिहा, बाई. तुमच्या नावाने. पोरं तुमचीच आहेत."

बाईंनी वही मिटली. बाहेर काही लिहू नये, असं परिपत्रक शाळेने काढलं होतं, आणि त्यावर सही करणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं होतं.

"दुसऱ्याची नोकरी पणाला लावून शूर व्हायला कारखाना कशाला हवा," काकू म्हणाल्या. "ते काम बड्या माध्यमावर आयतं होतं. तिकडे जा."

कुणी गेलं नाही, पण कुणाला आवडलंही नाही. लोकांनी मोबाइल काढून कुरकुरत मागे घ्यायचं ते मागे घेतलं. पाऊण तास डबा घुरघुरत राहिला आणि माणसं एकमेकांकडे न बघता बिस्किटं खात राहिली. हेडमेस्त्रीने खिडकीकडे तोंड केलं होतं. पोस्ट गेली, बेकरीवाल्याचे पाव परत आले, आणि जिन्यावर बुटांचा आवाज झाला.

कंपनीचे मॅनेजर होते. रविवारचे घरचे कपडे, पायांत ऑफिसचे बूट, म्हणजे फोन आल्यावर निघालेले. ते दारात थांबले, वास घेतल्यासारखं केलं आणि हसले.

"काकू, पोस्ट काढलीत. छान केलंत. आपलं इतक्या वर्षांचं नातं, मी म्हटलंच होतं. आता फक्त नाव सांगा."

"कुणाचं?"

"तो पाना की कोण आहे त्याचं."

"नाही सांगणार."

'माहीत नाही' असं उत्तर मॅनेजरांना अपेक्षित होतं. त्याच्यावर पुढे काय बोलायचं ते त्यांनी जिन्यात ठरवलं असावं. "म्हणजे माहीत आहे?"

"आहे ना. समक्ष बघितल्याशिवाय मी खातं देत नाही."

"मग?"

"मग काय? माहीत आहे आणि सांगणार नाही."

"मी पोलिसांत जाईन."

"जा. कोर्टाचा कागद आणा. तो मी नीट वाचीन, वकिलाला वाचायला देईन. तोवर बसायचं असेल तर बसा, नाहीतर दार ओढून घ्या, धूळ उडते."

"रजिस्टरं उद्याच उचलतो मी."

"तयार आहेत. दोन ओली आहेत, त्यांना वजनाखालून काढू नका, वाकतील."

दीर खोकले. ते हसू आल्यावर असे खोकत. बाईंनी काकूंकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. मॅनेजरांनी खोलीवर नजर फिरवली, कुणाकुणाला ओळखलं, आणि खिडकीशी ती थांबली.

"मेस्त्री? तुम्ही इथे काय करताय?"

"रविवार आहे, साहेब," मेस्त्री म्हणाला.

इतका वेळ काकू मॅनेजरांशी भांडत होत्या, त्यात भीती नव्हती, उलट जरा मजाच होती. रजिस्टरं गेली तर दुसरी येतील. पण मेस्त्रीचा चेहरा पांढरा पडला होता आणि मॅनेजरांना हिशेब जुळवायला आणखी दोन क्षण पुरले असते. काकू मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलायचं ते सुचलं नव्हतं, नुसत्याच राहिल्या, कापायच्या यंत्रापुढे राहतात तशा.

"काकू, सरका जरा," मागून मेस्त्री म्हणाला. "खुर्ची पाहिजे मला."

"कशाला?"

"लिहायचंय."

"तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही. मी सांगितलं ना, खोडलेलं म्हणजे..."

"ऐकलं ते. म्हणूनच लिहितो. दुसऱ्या कुणी छापलं असतं तर मी नाकारून मोकळा झालो असतो." तो बसला. ग्रीसने काळी झालेली दोन बोटं घेऊन तो सावकाश टाइप करायला लागला. त्याने नवं खातं मागितलं नाही, जुन्याच खात्यावर पाना खोडून स्वतःचं पूर्ण नाव घातलं, त्याखाली हुद्दा. मग चार गाड्यांचे नंबर, लायनरची मापं, आणि लेखी अर्ज दिल्याच्या दोन तारखा.

"काकू, याला थांबवा," मॅनेजर म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "तुमचाच डबा आहे ना हा?"

"डबा माझा आहे. लिहिणं त्यांचं आहे."

"मेस्त्री, विचार करा. घरी दोन मुली आहेत."

"त्या नऊ नंबरच्या गाडीने शाळेत जातात, साहेब," मेस्त्री मान वर न करता म्हणाला. "नऊ नंबर यादीत पहिला टाकलाय. बघता का, बरोबर लिहिलाय?"

मॅनेजरांनी पाहिलं नाही. मेस्त्रीने बटण दाबलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मघाच्या टाळ्या लोकांना अजून आठवत होत्या. सगळ्यांच्या आधी शाळेतल्या बाईंनी पोस्ट पुढे पाठवली, वर स्वतःच्या नावाने लिहिलं, की माझ्या वर्गातली सतरा मुलं या गाड्यांतून येतात आणि मला उत्तर हवं आहे. लिहिताना दोन चुका झाल्या. एरवी त्यांनी त्या दुरुस्त केल्या असत्या.

मॅनेजर जिना उतरत फोनवर बोलत होते. आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला. "चार, नऊ, अकरा आणि चौदा. नाही, उद्या बाहेर काढू नका. सांगतो ना, नका काढू. कोण विचारतंय म्हणजे? सगळेच विचारणार आता."

मेस्त्री खुर्चीतच बसून होता.

"उद्या मी कामावर जाऊ की नको, काकू?"

"चार गाड्या उभ्या राहणार म्हणजे मेस्त्री लागणारच," काकू म्हणाल्या. "वेळेवर जा. उशीर झाला तर तेवढंच कारण धरतील."

"फाटकात अडवलं तर?"

"तर आम्ही फाटकाबाहेर असू," काकू म्हणाल्या आणि खोलीकडे वळल्या. बेकरीवाला म्हणाला, त्याच्या भट्ट्या पहाटेच रिकाम्या होतात, तो गाडी घेऊन येईल. बाईंनी विचारलं, पहिली पाळी किती वाजता. दिरांनी टपाल खात्यातली जुनी शिट्टी आणण्याची तयारी दाखवली, ती मतदान घेऊन नाकारण्यात आली. बैठकीचा पुढचा विषय होता एका पोस्टमध्ये किती अक्षरं मावावीत. काकूंनी तो वहीत पुढच्या महिन्यावर टाकला आणि त्याच पानावर खाली लिहिलं: सोमवार, सकाळी सहा, डेपोचं मोठं फाटक.