जिन्याखालचा शॉवर आणि बाबांची सुट्टी

मंडळी, आज आमच्या पूर्णा गावातल्या घरी जिन्याखालच्या एवढ्याशा न्हाणीत शॉवर बसवला.

आईचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर होत नाही. आत दोघं मावत नाहीत, म्हणून बाबा उंबऱ्यात उभे राहून तिच्या डोक्यावर तांब्यानं पाणी घालतात.

मला वरचा मोठा गोल शॉवर आवडला होता. प्लंबरभाई हसले, "ताई, इतक्या जागेत हे लावलं तर दार बी रोज आंघोळ करंल." मग लांब नळीचा, हातात धरायचा शॉवर घेतला. आई दगडावर बसून आंघोळ करते, म्हणून हूक खालीच, तिच्या डाव्या हाताला ठोकला.

चालू-बंद कसं करायचं ते आईनं दोनदा करून दाखवलं. मी ऐटीत म्हणाले, "बाबा, आजपासून तुमाला सुट्टी!"

बाबांनी तांब्या पालथा ठेवला आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

थोड्या वेळानं न्हाणीतून आईची हाक आली, "आवो, या की जरा. हे कसं चालू करायचं, मला काई कळंना."

बाबा लगबगीनं उठले. नळी उंबऱ्यापर्यंत बरोबर पुरली.

खरं सांगा, सोय करायच्या नादात घरातल्या कुणाचं असं काम तुमी काढून घेतलंय का? माझ्या हातून आज होता होता राहिलं.