तिच्या शेताच्या विटा

आमच्या बाल्कनीतली एक भिंत सोसायटीच्या आर्किटेक्टने गिलावा न करता तशीच ठेवली. उघड्या लाल विटा छान दिसतात म्हणे. गाझियाबादच्या या सेक्टरमध्ये आमच्याकडे पाहुणे आले की त्या भिंतीपाशी उभे राहून फोटो काढतात. मी मात्र तिच्याकडे पाठ करून चहा पिते. इतकी वर्षं झाली, तरी तिच्याकडे नीट बघवत नाही.

ही सगळी जागा पूर्वी शेतांची होती आणि त्यातल्या एका शेतात माझं काम चालायचं. मी दिल्लीत माती तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत होते. उदारीकरणाची ती पहिली वर्षं. ऑफिसात सगळे शेअरबाजारावर बोलायचे आणि मी शेणखतावर. पीक हवेतला कार्बन ओढून घेतं. धसकटं जाळली नाहीत, शेणखत घातलं, जमीन फार नांगरली नाही, तर त्यातला थोडा मातीत मुरतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. हवा तापतेय ही गोष्ट तेव्हा सेमिनारपुरतीच होती. नवरा म्हणायचा, "यार, तू जग वाचव, पण इकडे डाळ करपतेय." डाळ खरंच करपलेली असायची.

शेत एका विधवा बाईचं होतं. गावात सगळ्यांनी नाही म्हटल्यावर तिने प्रयोगासाठी एक तुकडा दिला आणि आमचं सांगणं हट्टाने पाळलं. शेजारी धसकटं पेटवून मोकळे व्हायचे आणि तिला हसायचे. मी तिला अम्माजी म्हणायचे, ती मला बेटी. गेलं की आधी छाछ, म्हणजे आपलं ताक, पुढे करायची. गिरमिटाने मातीचे नमुने काढून मी दिल्लीला न्यायचे आणि प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत चिमूट चिमूट जाळून मोजायचे. कार्बन मुंगीच्या पावलांनी वाढत होता. आकड्यांशी तिला देणंघेणं नव्हतं. "बढ़ा" एवढं ऐकलं की ती आत सुनेला ओरडून सांगायची.

मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी हाउसिंग सोसायटी काढली. एका रविवारी त्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. "बिल्कुल फर्स्ट क्लास लोकेशन." नकाशावर खसरा नंबर होते, म्हणजे आपल्याकडचे गट नंबर. त्यातला एक मला पाठ होता. नमुन्यांच्या प्रत्येक पिशवीवर मी तोच लिहीत आले होते.

मी त्याला सांगितलं. त्याने नकाशाची घडी घातली. "अगं, सरकार ती जमीन घेणारच आहे. पेपरात नोटीससुद्धा आलीय. हरकतींची मुदत संपेपर्यंत गावात कुणी काही बोलायचं नाही, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलंय. तू कशाला मध्ये पडतेस?" करोल बागेत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो. मी ती नोटीस काढून वाचली, पण मध्ये पडले नाही. हे आज इतक्या शांतपणे लिहिता येतंय, याचाच मला राग येतो.

त्याच आठवड्यात ठरल्याप्रमाणे नमुने घ्यायला गेले. तिने नेहमीपेक्षा जास्त शेणखत मागवलं होतं, बांधावर ढीग तयार होता. "इस बार और बढ़ेगा?" तिने विचारलं. मी म्हणाले, "हाँ, बढ़ेगा." मुदत संपायला अजून पंधरवडा होता. तिला वाचता येत नव्हतं आणि ती नोटीस वाचलेली मी तिच्यासमोर उभी होते.

शेत गेलं. आधी वरचा कसदार थर खरवडला आणि ट्रक भरभरून वीटभट्टीवर नेला. मी चिमूटभर जाळायचे, भट्टीने सगळंच जाळलं. तिने इतकी वर्षं जमिनीत सांभाळलेला कार्बन धुराड्यातून हवेत गेला. आमच्या इमारतीला विटा त्याच भट्टीच्या लागल्या, हे कंत्राटदारानेच अभिमानाने सांगितलं. उन्हाळ्यात दुपारी ती भिंत तापली की मला ओल्या शेणखताचा वास येतो. नवऱ्याला येत नाही, मुलांना येत नाही. हल्ली मी विचारत नाही.

गाव मात्र उरलं, सेक्टरांच्या मधोमध अंग चोरून. तिचं घर आमच्या गेटपासून दहा मिनिटांवर. तिथवर जायला मला चार वर्षं लागली. ती खाटेवर बसली होती, तिने लगेच ओळखलं. मी घरून पाठ करून गेले होते ते सगळं सांगून टाकलं. मला माहीत होतं, मुदत शिल्लक होती, मी बोलले नाही. हरकत घेऊन शेत वाचलं असतं का, कोण जाणे. तिला निदान ती घेता आली असती.

तिने खाटेवर सरकून मला जागा करून दिली.

"पता था, बेटी," ती म्हणाली. "उस दिन तुमने छाछ नहीं पी. हर बार दो गिलास पीती थीं. हम समझ गए, कोई बात है. सोचा, अगली बार आओगी तो खुद बता दोगी."

पुढची खेप आठवड्याने होती, मुदत संपायच्या आत. तब्येतीचं कारण सांगून मी दुसऱ्याला पाठवलं होतं.