पाच तारांचे मेव्हणे

सातारा-सांगलीकडच्या अख्ख्या मुलखात, सहा वर्षं रोज दोन-दोन तास गिटार वाजवूनही एकसुद्धा गाणं न वाजवलेला माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. गाणं जमत नव्हतं म्हणून नव्हे. गाण्याला हात लावायची मनाई होती म्हणून. ती मनाई खरी कशासाठी होती, हे मी इतकी वर्षं घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे, तर तेही लिहावंच लागेल.

मेव्हणे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि कुंडलजवळच्या आपल्या उसात परतले. निवृत्त झालेला फौजी आमच्याकडे मिशा वाढवतो, गावाला शिस्त लावायला निघतो, नाहीतर निवडणुकीला उभा राहतो. मेव्हण्यांनी पाच तारांची बास गिटार आणली. कुठल्याशा छावणीत साहेबांच्या पार्टीला ते दाराशी ड्युटीवर उभे असताना आत कुणीतरी ती वाजवत होतं. "बाकीची वाद्यं कानात वाजत हुती, दाजी. ही बरगडीत वाजत हुती," असं ते सांगत. त्या बरगडीसाठी त्यांनी पेन्शनीपर्यंत कळ काढली होती.

साध्या बासला चार तारा असतात. पाचवी ही सगळ्यात जाड, सगळ्यात खर्जातली, आणि वहिनींचं वैर होतं ते तिच्याशी. ती छेडली की फळीवरची ताटं आपापसात कुजबुजायला लागत आणि गोठ्यातली म्हैस पान्हा चोरी. शेवटी घरात तह झाला: चार तारा घरात, पाचवी शिवारात. मेव्हणे शब्दाचे पक्के. ओसरीवर बसून सरगम उतरवता उतरवता चौथी तार संपली की ते थांबत, गिटार गळ्यात तशीच ठेवून उठत आणि उरलेले तीन सूर वाजवायला अर्धा मैल चालत मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत जात. वाटेत कुणी रामराम घातला तरी बोलत नसत, सूर सांडेल म्हणून. पुढं त्यांनी गिटारच्या विजेवरच्या स्पीकरसकट मुक्कामच त्या खोलीत हलवला. शेतीपंपाची लाईट आली की एकीकडं मोटार सुरू, एकीकडं गिटार. उसाची एक सरी भिजेपर्यंत एक सरगम बारा वेळा वर आणि बारा वेळा खाली. शेजारचे शेतकरी बांधावरून विचारत, "सुभेदार, गाणं कवा?" हे उत्तर देत, "हुकूम न्हाई."

पाश्चात्त्य संगीतात एकच सरगम वेगवेगळ्या सुरावरून सुरू केली की तिची सात रूपं होतात, त्यांना मोड म्हणतात. नावं ग्रीक, दाताखाली खडा यावा तशी. मेव्हण्यांनी ती पलटणीची हजेरी घेतल्यासारखी पाठ केली आणि प्रत्येकाला एकेक स्वभाव देऊन टाकला. आयोनियन सरळमार्गी. लिडियन जरा ताठ मानेचा. डोरियन दुःखी, पण तक्रार न करणारा. गावच्या भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्या पेटीवाल्यानं पहिल्या सहांची सोयरीक आपल्या थाटांशी जुळवून दिली: हा बिलावल, तो काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी. सातवा लोक्रियन मात्र कुठल्याच थाटात बसेना, कारण त्याचा पंचमच खाली उतरलेला. मेव्हण्यांचा सगळा जीव त्याच्यावर. "त्याला घरच न्हाई, दाजी. दाराशी येतो, पर टेकत न्हाई," असं म्हणून ते त्याला रोज एक सरी जास्तीची देत.

यातला दाजी म्हणजे मी. सांगलीत एका हायस्कुलात कारकून आहे आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. गिटार आणल्यावर पहिल्याच महिन्यात मेव्हणे माझ्याकडं आले आणि मला पार्टीत घ्या म्हणाले. आता आमच्या पार्टीतला बास म्हणजे कीबोर्डवर खर्जाचे सूर धरणारा माझा डावा हात. त्याचं काम काढून घेतलं असतं तर उरलेला उजवा किती तोकडा आहे, हे सगळ्यांना ऐकू आलं असतं. आणखी एक आहे. मला सगळी गाणी फक्त पांढरी एक या एकाच पट्टीत येतात. गायक काळी दोन म्हणाला की मी कीबोर्डवरचं एक बटण दाबतो. यंत्र सगळे सूर वर सरकवतं आणि माझी बोटं होती तिथंच राहतात. बावीस वर्षं माझं हेच चाललं आहे.

असा मी, चेहरा गंभीर करून मेव्हण्यांना म्हणालो की आधी सातही मोड बाराही पट्ट्यांत पक्के करा, तोवर गाण्याला हात लावू नका. पंधरा दिवसांत कंटाळतील असा माझा हिशेब. पण जिथं बहीण दिली तिथला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत, आणि त्यात हे फौजी. त्यांनी टाचा जुळवल्या आणि "जी" म्हणाले.

मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पाठीवर ती लांब काळी पेटी घेऊन, सकाळच्या एसटीनं ते परीक्षेला हजर. एका कंडक्टरनं आत बंदूक आहे का विचारलं, तर म्हणाले, न्हाई, पर तशीच साफ करतो. मी खुर्चीत डोळे मिटून बसे. परीक्षकाच्या कामातलं तेवढंच मला येत होतं. लवकर संपू नये म्हणून मी त्यांना चार वेळा नापास केलं. फ्रिजियनचा कोमल रिषभ जरा हलतोय, असं काहीतरी म्हणून हात हवेत फिरवला की ते मान खाली घालत, बायकोनं केलेला चहा अर्धा टाकून उठत आणि तो रिषभ महिनाभर घासत.

या हिवाळ्यात ते पेढे घेऊन आले. बुटांना पॉलिश होतं. "सातच्या सात, बारा पट्ट्यांत झालं, दाजी. चौऱ्याऐंशी. आता पार्टीत कवा?" मी सांगतो म्हणालो. तीन आठवडे सांगतो म्हणालो. चौथ्या आठवड्यात मीच कुंडलची एसटी धरली.

मेव्हणे उसात पाण्याची दारं धरत होते. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं: डावा हात, बटण, मनाई. ते पाठमोरेच ऐकत होते. सरी भरली तशी फावड्यानं माती ओढून त्यांनी पाणी पुढच्या सरीत वळवलं. मग विचारलं, "मग चार येळा नापास केलंसा, ते?"

"तेही असंच, अण्णा."

"फ्रिजियन बी?"

"फ्रिजियनपण."

त्यांनी फावडं बांधात रोवलं. "त्यो तर मी चोख वाजीवला हुता," असं म्हणाले तेव्हा आवाज सुभेदाराचा नव्हता. सहा वर्षं गेली त्याचं नव्हे. त्यांना लागलं ते फ्रिजियनचं.

मी घाईघाईनं म्हणालो की येत्या हळदीला चला, डावा हात मी उचलतो, बटणाचंही गायकाला सांगून टाकतो.

"हळदीचं मागनं बघू. आधी ह्यो फ्रिजियन ऐका."

खोलीत मोटार घुमत होती. त्यांनी गिटार गळ्यात घातली, पाचव्या तारेपासून सुरुवात केली आणि एकेक सूर चढत अगदी वर पोचले, तेवढ्यात लाईट गेली. मोटार थांबली, स्पीकर मुका झाला. मला सुटल्यासारखं वाटलं, कबूल करतो. मी उठायला लागलो.

"उतार ऱ्हायलाय, दाजी."

मी बसलो. विजेशिवाय बास दोन हातांवरही धड ऐकू येत नाही. म्हणून मी जवळ सरकलो, मान वाकवली आणि गिटारच्या लाकडाला कान टेकवला. त्यांच्या सदऱ्याला ओल्या मातीचा वास येत होता. ऊस तोडलेली, फावडं धरलेली ती जाड बोटं एकेक सूर खाली आणत होती, झोपलेलं मूल खांद्यावरून उतरवावं तितक्या जपून. शेवटच्या सुरावर ते थांबले.

"कसा हुता?"

सहा वर्षं या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर तयार असायचं. "मला कळत नाही, अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मग परत ऐका," म्हणाले आणि पाचव्या तारेवर बोट ठेवलं. बाहेर सरी अर्धीच भिजली होती. मी कान तसाच टेकवून ठेवला.