फादर बस्त्याव आणि आमच्या गावचं गाऱ्हाणं

फादर बस्त्याव गेल्याची बातमी आली ती चैत्रात, शिमग्याची पालखी नुकतीच देवळात परतली होती तेव्हा. रत्नागिरीच्या मिशनच्या वसतिगृहातल्या एक सिस्टर काही कामानं देवरूखला आल्या होत्या, त्या मुद्दाम वाट वाकडी करून माझ्या शाळेत आल्या. "बाई, तुमची ओळख होती म्हणून सांगायला आले," एवढंच म्हणाल्या. हृदयविकाराचा झटका. वय पन्नासही नसेल. संध्याकाळी गावी गेले आणि ओटीवर बसलेल्या अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणजे माझे वडील, आमच्या गावचे गावकर. देवीच्या कुठल्याही कामात पहिला मान त्यांचा आणि पहिला शब्दही त्यांचाच. त्यांनी तोंडातलं पान अंगणात थुंकलं. मग म्हणाले, "पुरला खंय त्येला?"

"वसईला. त्यांच्या आईशेजारी."

"बरा झाला," अप्पा म्हणाले आणि चूळ भरायला उठून गेले.

मला रडू आलं नाही, हे खरंच सांगते. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की या माणसाला अजून एकदा समोर बसवून विचारायचं होतं, ते राहिलं... काय विचारायचं होतं, ते मात्र आजही नीट सांगता येत नाही.

ऐंशी सालानंतरच्या एका कोरड्या दिवसात तो आमच्या गावात आला. एसटी आमच्या वाडीपर्यंत येत नसे. वरचा कातळाचा सडा तुडवत, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात टेपरेकॉर्डरची पेटी घेऊन तो चालत आला. पांढरा झगा नाही, गळ्यात दिसणारा क्रूस नाही. साधी पँट, बाहेर सोडलेला सदरा, उन्हानं रापलेला चेहरा. मुंबईहून कोणाचा तरी चाकरमानी पाहुणा आला असं वाटलं होतं. त्यानं आमच्या अंगणात चपला काढल्या, हात जोडले आणि सरळ सांगितलं, "मी पाद्री आहे. वसईचा. पुण्यात मानववंशशास्त्र शिकलो. तुमच्या देवीचं, शिमग्याचं, पालखीचं सगळं बघायचंय."

"बगून काय करशाल?" अप्पांनी विचारलं.

"लिहून ठेवीन."

"आनि मग?"

तो हसला. "मग काय, वाचीन."

गावात दोन दिवसांत वाऱ्यासारखं पसरलं. म्हाताऱ्या बायकांना आठवण होती ती पोर्तुगीजांच्या काळातल्या ऐकीव गोष्टींची. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, ते पाणी प्यालं, की अख्खा गाव बाटला! माझ्या काकीनं आमच्या विहिरीवर जुन्या दाराची फळी ठेवून दिली. मी बी.ए. झालेली, देवरूखच्या शाळेत मराठी शिकवणारी. मी काकीला हसले. पण हसून झाल्यावर मलाही वाटलंच, की हा माणूस इथं कशासाठी? जुने पाद्री परवडले होते. ते देवरूखच्या बाजारात उभे राहून आमच्या देवांना दगड म्हणत, लोक थोडा वेळ ऐकत, थट्टा करत आणि मीठमिरची घेऊन घरी जात. अप्पांनी हेच एका वाक्यात सांगितलं होतं. "शिव्या देनारा पाद्री बरा गो. ह्यो हात जोडतो."

आणि तो खरोखरच हात जोडायचा. शाळेमागच्या रिकाम्या खोलीत त्यानं बिऱ्हाड केलं. महिन्यातले काही दिवस तो इथं, बाकीचे रत्नागिरीला. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, जे मिळेल ते खायचा. गड्यांबरोबर भाजावळीला, शेतात पालापाचोळा जाळायला जायचा, लावणीच्या वेळी चिखलात उतरायचा. एकदा तापानं फणफणला तर काकीनंच त्याला काढा करून दिला, विहिरीवरची फळी मात्र काढली नाही. त्यानं कोणाला औषध दिलं नाही, कपडे वाटले नाहीत, येशूचं नाव काढलं नाही. एखाद्याला हे सगळं पाहून बरं वाटलं असतं. मला उलट वाटायचं. जो माणूस इतकी वर्षं काहीच मागत नाही, तो शेवटी काय मागेल?

एकदा रत्नागिरीहून परतताना हातखंब्याच्या नाक्यावर मी एसटीची वाट बघत उभी होते, तर हा तिथेच, टपरीवर चहा घेत बसलेला. मलाही त्यानं चहा सांगितला. गाडीला उशीर होता. मी विचारून टाकलं, "फादर, खरं सांगा. आम्हाला बाटवायलाच आलात ना?"

तो दचकला नाही. ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणाला, "बाई, तुम्ही सगळे ख्रिस्ती व्हावं असं मला वाटतं का? वाटतं. मी पाद्री आहे. वाटत नाही म्हणालो, तर माझ्यावर कधीच विश्वास ठेवू नका."

"मग तसं गावात सांगत का नाही?"

"कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत, सांगितलं." मग जरा थांबून म्हणाला, "पण मी येतो ते त्यासाठी नाही. आमच्या वसईच्या घरात कधीकाळी कुठली तरी देवी असणार. ती गेली. ती कशी होती, तिच्यापुढे आमची माणसं काय बोलत होती, आज कोणाला ठाऊक नाही. आमच्यात ते कोणी विचारतही नाही. तुमच्या देवळात उभा राहिलो की वाटतं, असंच काहीतरी असेल..."

उत्तर छान होतं. इतकं छान, की घरी पोचेपर्यंत मला त्याचाच संशय येऊ लागला. पुण्यात त्यांना काय शिकवलं होतं, तेही त्यानं त्या दिवशी सांगितलं होतं. आधी ऐका, मग बोला. आधी ऐका, ठीक आहे. पण 'मग बोला'चं काय?

त्याला सगळ्यात जास्त ओढ होती ती गाऱ्हाण्याची. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मानाच्या चौथऱ्यावर बसली, की गावकर तिच्यापुढे उभा राहून साऱ्या गावाच्या वतीनं मागणं मागतो. एकेक मागणं झालं की जमलेला गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. शब्द बापाकडून मुलाकडे आलेले, पण प्रत्येक गावकर त्यात आपलं थोडं घालतो. अप्पांनीही घातलं होतं. माझा थोरला भाऊ जहाजावर खलाशी होता. एका फेरीत तो परतलाच नाही. काय झालं ते कंपनीनं कधी नीट सांगितलं नाही, प्रेत मिळालं नाही. अप्पांनी त्याचे दिवस घातले नाहीत. दर शिमग्याला मात्र त्यांच्या गाऱ्हाण्यात एक ओळ यायची, "दर्यावर ग्येलेला ज्या लेकरू वाट चुकला आसंल, त्येच्या फुडं दिवा धर, आये." त्या ओळीला गावाचा आवाज खाली यायचा. माझी आई पदर तोंडाला लावून उभी असायची.

बस्त्यावनं गाऱ्हाणं टेप करायची परवानगी मागितली तेव्हा अप्पांनी साफ नाही म्हटलं. पुढच्या वर्षी पुन्हा मागितली. अप्पा म्हणाले, "माजा नाय ता. देवीला इच्यारूया." गुरवानं देवीच्या पाषाणाला पाकळ्या लावल्या, अप्पांनी शब्द घातला, सगळे श्वास रोखून बसले. उजवीकडची पाकळी पडली. देवीचा होकार, कौल मिळाला. बस्त्यावचा चेहरा त्या वेळी मी पाहिला होता. आनंद झालेल्या माणसाचा नव्हता तो, ओशाळलेल्याचा होता. त्या शिमग्यात त्याचं यंत्र सहाणेच्या पायरीवर फिरत राहिलं आणि अप्पांचा आवाज त्यात गेला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, भातकापणी उरकल्यावर एक जीप आली. बस्त्याव तेव्हा रत्नागिरीला होता. जीपमधून तीन तरुण उतरले, स्वच्छ कपड्यांचे, हसतमुख, घाटावरच्या बोलीचे. कुठल्या तरी शहरात प्रचारकांचं शिबिर झालं होतं, तिथून ते आले होते. त्यांनी सहाणेजवळ माणसं जमवली. त्यातला एक पुढे झाला, त्यानं डोळे मिटले, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आमचं गाऱ्हाणं! तीच चाल, तेच ठेके, आमच्या गावच्या शिवा, आमचे ओढे-पऱ्हे, पोटासाठी मुंबईला गेलेली पोरं... फक्त देवीच्या जागी येशूचं नाव. प्रत्येक मागण्यानंतर तो थांबत होता, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणावं म्हणून. कोणी म्हणेना. पोरं खुदखुदायची थांबली. आणि मग तो म्हणाला, "दर्यावर गेलेलं जे लेकरू वाट चुकलं असेल, त्याच्यापुढे दिवा धर..."

माझी आई खाली बसली. अप्पा सहाणेच्या कडेला उभे होते. मला वाटलं, आता ते त्या पोराच्या कानाखाली ओढतील. गावातले दोघं-तिघं पुढे सरकलेही. अप्पांनी हात आडवा केला. त्या पोराला म्हणाले, "बाबा, ह्या कोनाचा लेकरू, ठावूक हाय तुला?" तो गोंधळला. "नाही... आम्हाला शिबिरात शिकवलं. तुमच्या भाषेत बोलावं म्हणून." अप्पा म्हणाले, "जा आता," आणि घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत न जाता रत्नागिरी गाठली. मिशनच्या आवारात बस्त्याव झाडांना पाणी घालत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याच्या हातातली झारी कलंडून पाणी चपलांवर गेलं, तरी त्याला भान नव्हतं.

"टेपच्या फिती दिल्या कोणी?" मी विचारलं.

"मी. वरून मागितल्या. अभ्यासाला हव्यात म्हणाले."

"आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

त्यानं झारी खाली ठेवली. "असं करतील हे ठाऊक नव्हतं. पण असं काही करणारच नाहीत, अशी खात्री होती का विचाराल, तर... नव्हती."

हेच ते उत्तर. पुढे कित्येकदा मी ते मनात उलटंसुलटं करून पाहिलं. लपवायचं असतं तर तो खोटं बोलू शकला असता. पण खात्री नसताना त्यानं फिती दिल्याच ना? खरं बोलणारा माणूस निर्दोष असतोच असं नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

तो आपल्या वरिष्ठांशी भांडला, असं नंतर सिस्टरांकडून कळलं. मूळ फिती त्यानं कशाबशा सोडवून आणल्या, पण त्यांच्या नकला कुठे कुठे गेल्या होत्या त्याचा पत्ता लागला नाही. तिकडे मिशनमध्ये त्याच्याविषयी वेगळंच बोललं जाऊ लागलं होतं, की हा मूर्तीपुढे हात जोडतो, कौल मानतो, यालाच गावानं बाटवला. आमचा संशय एका बाजूनं, त्यांचा दुसऱ्या बाजूनं. शेवटी त्याची बदली झाली, वसईकडच्या एका शाळेत मुलांना शिकवायला. गावांचा अभ्यास बंद.

जाण्यापूर्वी तो आमच्याकडे आला. फिती कापडात बांधून त्यानं अप्पांपुढे ठेवल्या. देवळातल्या गावकीच्या बैठकीत बोलू द्या म्हणाला. अप्पांनी बोलू दिलं. त्यानं काहीही झाकलं नाही. फिती आपण दिल्या, आपल्याच हातून गाऱ्हाणं बाहेर गेलं, आता ते परत आणता येत नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. कोणीतरी मागून ओरडलं, "सोंग हाय सगळा!" तो मान खाली घालून उभा राहिला. मलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि वाटल्याचं वाईटही वाटलं नाही.

अप्पांनी फितींचं गाठोडं गुरवाकडे दिलं. मग पहिल्यांदाच त्याला एकेरीत म्हणाले, "आवाज ग्येला तो काय माघारी येत नाय. पन तू आमच्या घरातला न्येलास, तर तुज्या घरातला कायतरी हितं ठेव."

"माझ्याकडे काय आहे, अप्पा?"

"तुजी आय काय म्हनते, ता म्हन. लग्नाकार्याला म्हनत असलंच कायतरी."

देवळाच्या सभामंडपात पाद्र्यानं गायचं... माणसं चुळबुळली. बस्त्यावनं अप्पांकडे पाहिलं, देवीकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात हळदीची एक ओवी म्हटली. त्याची आई म्हणायची ती, मरियामातेची.

"पहिली हळद गो, मरिये माउलीला,
तिच्या हातानं लागो माझ्या बाहुलीला."

तिसऱ्या-चौथ्या कडव्याला तो थांबला. पुढचं आठवत नाही म्हणाला. चाल अगदी आमच्या बायकांच्या चालीच्या अंगानं जाणारी होती. तसाच हेल, तसाच शेवटचा लांबवलेला 'ला'. काकी माझ्या कानाशी म्हणाली, "ह्या तर आपलाच गो." तो त्या दिवशी गेला तो पुन्हा आमच्या गावात आला नाही. अप्पांनी त्यानंतर गाऱ्हाण्यात ती ओळ कधी मोठ्यानं म्हटली नाही. त्या जागी ते थांबतात. गावही त्यांच्याबरोबर थांबतो.

बायकांनी मात्र ती ओवी उचलली. कधी, कोणी, ते सांगता येणार नाही. एका हळदीत ती ऐकू आली, मग दुसऱ्या. 'मरिये'च्या जागी आपसूक आमच्या देवीचं 'वाघजाये' आलं, पुढची कडवी जिची तिनं जोडली. आता बाहेरून आलेल्या सुनांना ती आमच्या गावची जुनी ओवी वाटते. त्याला हे कळलं असतं तर तो हसला असता की खट्टू झाला असता? की हेच त्याला हवं होतं, आमच्या घरात शिरायची ही वाट? मेलेल्या माणसाविषयी असं मनात आणू नये म्हणतात. माझ्या येतं.

गेल्या आठवड्यात चुलतभावाच्या मुलीची हळद होती. मांडवात बायका गोळा झाल्या, काकीनं सूर लावला, "पहिली हळद गो, वाघजाये..." तेवढ्यात ओटीवरून अप्पांचा आवाज आला, "आज त्येच्या आयशीचा म्हना. हुता तसा."

बायका थबकल्या. एकमेकींकडे पाहू लागल्या. नवरीच्या आजीनं कपाळाला आठ्या घातल्या. काकीनं एकदा अप्पांकडे पाहिलं, खाकरली आणि पुन्हा सुरू केलं, "पहिली हळद गो, मरिये माउलीला..." एकेक करून बाकीच्या तिच्यामागे आल्या. मी गायले नाही. माझ्या मांडीवर हळदीचं ताट होतं, मी हळद कालवत होते. ओठ मी घट्ट मिटून ठेवले होते. हात मात्र त्या चालीवर फिरत राहिला.